मागावरचं इंग्रजी

छबीचं बोट दारात चेमटलं तेव्हा ती ओरडली नाही. ओरडली असती तर प्रेमिला हातातलं लाटणं टाकून धावली असती, तिला उचलून कडेवर घेतलं असतं, दाराला दोन चापट्या मारल्या असत्या, आणि पाडव्याच्या आधी अशा वेळी जे जे व्हायचं ते सगळं याही वेळी झालं असतं. पण भर दुपारच्या झळांचा एक लोट अंगणातून आत आला, संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्या ठोकून केलेलं स्वयंपाकघराचं हलकं दार धाडकन आपटलं, आणि मागून काहीच आलं नाही. प्रेमिला स्टोव्हकडे तोंड करून उभी होती. स्टोव्ह फरफरत होता आणि त्या आवाजाखाली ती पुटपुटत होती, आय हॅव बीन कुकिंग, शी हॅज बीन कुकिंग, दे हॅव बीन कुकिंग. तवा रिकामा तापतोय हे लक्षात येऊन पोळी टाकायला ती वळली, तेव्हा तिला दिसलं. साडेचार वर्षांची छबी दाराच्या बिजागरीशी उभी होती. डाव्या हाताचं मधलं बोट फटीत. डोळे एवढाले झालेले. आणि ओठ हलत होते. रडण्यासाठी वाकडे होतात तसे नव्हे. परीक्षेत उत्तर आठवताना हलतात तसे. पोरगी शब्द शोधत होती.

“व्हॉट हॅपन्ड?” प्रेमिला म्हणाली.

हे आपणच म्हणालो हे तिला पुढच्या क्षणी कळलं, आणि उन्हातून एकदम अंधाऱ्या खोलीत शिरल्यावर होतं तसं झालं. म्हणजे आधी तोंड उघडलं. हात मागून हलले. पोरीचं बोट दारात अडकलेलं, आणि आई विचारते आहे, तेही प्रश्नचिन्हासकट.

“डोअर,” छबी म्हणाली. “मम्मी, डोअर.” आणि तिथे तिच्याजवळचे शब्द संपले.

दार लोटून प्रेमिलानं बोट सोडवलं, माठातलं पाणी वाटीत घेतलं आणि बोट त्यात बुडवून धरलं. नखाखाली काळसर निळा डाग पसरत होता, शाईचा थेंब टीपकागदावर पसरतो तसा. छबी नुसती उचक्या देत होती. माय वं, माही बाई ती, लागलं का वं खूप, हे सगळं प्रेमिलाच्या गळ्यापर्यंत आलं आणि तिथे उभं राहिलं. दोन महिन्यांत गळ्यालाही वळण लागलं होतं. ‘डोन्ट क्राय,’ ती म्हणाली, आणि मग लक्षात आलं की पोरगी रडतच नाहीये. खिडकीच्या काचांवर लढाईच्या वेळी चिकटवलेला काळा कागद अजून कोपऱ्याकोपऱ्यांत उरला होता. त्याच्या फाटक्या भोकातून उन्हाचा एक कवडसा वाटीतल्या पाण्यात पडला होता आणि त्यात ते इवलंसं बोट मोडल्यासारखं वाकडं दिसत होतं. परवा सोमवार. परवा सकाळी दहा वाजता सदरमधल्या त्या कॉन्व्हेंट शाळेत छबीच्या प्रवेशासाठी तिघांनी मुलाखतीला जायचं होतं. बोटाला चिंधी बांधलेली चालेल का, की सिस्टर विचारतील? विचारलं तर छबी काय सांगेल? डोअर, एवढंच? प्रेमिलाला स्वतःचीच घृणा आली. पण घृणा आली म्हणून विचार थांबला नाही. क्रश्ड की जॅम्ड, की नुसतंच कॉट, असं तिचं मन मागच्या मागे कोश चाळतच राहिलं.

ते सगळं एका ‘यस’पासून सुरू झालं होतं. फॉर्म आणायला गेले होते तेव्हा पांढऱ्या वेषातल्या त्या म्हाताऱ्या सिस्टरनं फार मायेनं विचारलं होतं, घरी इंग्रजी बोलता का तुम्ही? प्रेमिलाला प्रश्न कळला होता. बी. ए. होती ती, नागपूर विद्यापीठाची, पदवीदान समारंभात काळा झगा घालून काढलेला फोटो भिंतीवर होता. प्रश्न कळला, उत्तर मनात तयारही झालं, पण ते तीनदा तपासून बाहेर काढेपर्यंत शेजारून तिचे यजमान मधुकरराव म्हणाले होते, “यस सिस्टर. ऑलवेज.” परतताना सायकलच्या दांडीवर छबी, मागे कॅरियरवर प्रेमिला. सक्करदऱ्याच्या तलावापाशी चढ लागला तसे ते खाली उतरले आणि सायकल ढकलत म्हणाले, “बोललो ना आता. मंग ते खरं करा लागते.” तलावात म्हशी नाकापर्यंत बुडून बसल्या होत्या. तिकडे बघत ते म्हणाले, “आपण दोघंबी काठावरच राहिलो, प्रेमिला. हे पोट्टी तरी पोहली पाहिजे.”  ऑफिसात त्यांनी लिहिलेला मसुदा लाल शाईनं माखून परत आला होता, हे तिला ठाऊक होतं. त्यांनी तो घडी करून बनियनच्या खिशात आठ दिवस बाळगला होता, हेही तिला ठाऊक होतं, कारण धुताना तो तिनंच काढून उशीखाली ठेवला होता. 

दुसऱ्या दिवशी, ऐन पाडव्याला, त्यांनी सीताबर्डीवरून व्याकरणाचं जाड पुस्तक आणलं आणि नियम घातला. छबीनं मराठीत मागितलं तर द्यायचं नाही. रागवायचं नाही, मारायचं नाही. फक्त द्यायचं नाही. पहिल्या दिवशी छबी म्हणाली होती, “आई, पाणी.” प्रेमिला पेला भरून हातात धरून उभी राहिली. “पाणी दे ना वं.” प्रेमिला उभीच. पोरीला वाटलं खेळ आहे. ती हसली, पेल्याला हात घातला, प्रेमिलानं तो वर उचलला. मग हसू गेलं. मग बराच वेळ गेला. मग ‘वॉटर’ आलं, आणि मधुकररावांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी त्यांनी आणखी एक युक्ती काढली. ते एकदम मराठीत विचारायचे, “छबी, भूक लागली का तुले?” आणि तिनं फसायचं नाही, इंग्रजीतच उत्तर द्यायचं. छबी चारपाच वेळा फसली. मग फसेनाशी झाली. मग मागेनाशीही झाली. आता ती मुकाट्यानं स्टुलावर चढून माठातलं पाणी स्वतःच घेते. उन्हाळ्यात किती पाणी पितं लेकरू, तेही आता प्रेमिलाला ठाऊक नाही. आधी दिवसभर घरात नुसती किलबिल. चिमणीनं काय खाल्लं, मुंगी कुठं चालली, बाप्पाले पाय किती, चांदोबा काहून पडत नाही. कधीकधी कान किटायचे. ‘चूप बस वं जरा’ असं आपण म्हणायचो, हे आठवून प्रेमिलाला आता आपल्याच तोंडावर हात ठेवावासा वाटायचा.

बोटाला हळद लावून चिंधी बांधेपर्यंत छबी गप्प बसली. “थँक यू, मम्मी,” म्हणाली. आणि चिंधीचं बोट उंच धरून, सावलीसावलीनं, चप्पल न घालता शेजारी यमुताईंकडे निघून गेली.

यमुताई शेजारच्या दोन खोल्यांत एकट्या राहत. नवरा रेल्वेत होता, वारला. मुलगी तिकडे उमरेडच्या बाजूला दिली. मधली भिंत एका विटेची, आणि तिला दोन्हीकडून एकाच जागी कोनाडा, त्यामुळे तिथे भिंत नुसती नावालाच. प्रेमिला त्या कोनाड्यात व्याकरणाचं पुस्तक ठेवी. गेला महिनाभर रोज दुपारी, भांडी झाली की, ती पुस्तक बाजूला सरकवून तिथे कान लावून उभी राहत होती. हे मधुकररावांना माहीत नव्हतं. यमुताईंनाही नव्हतं. पलीकडून तिच्या लेकीचा आवाज यायचा, सगळाच्या सगळा, पूर्वीसारखा, ओसंडून. ‘आजी, हे पाह्य ना, कावळा कायले बसून राहिला तिथं?’ आणि यमुताईंचं खोकत खोकत हसणं. दुसऱ्याच्या घरात शिजणाऱ्या अन्नाचा वास घ्यावा तसं प्रेमिला ते ऐकत राही. कधी एखाद्या शब्दावर तिला इकडे हसू येई आणि ती पदराचा बोळा तोंडात कोंबे. भिंतीचा चुना गालाला लागे. तो पुसून, तोंड धुऊन, ती पुन्हा पुस्तक उघडून बसे आणि तिला वाटे, आपण काही वाईट करत नाही आहोत, दोन-तीन महिन्यांची तर गोष्ट आहे, एकदा शाळेत गेली की सुटलं. पण सुटलं म्हणजे काय, हे तिनं कधी पुढे विचारलं नव्हतं.

आज पुस्तक सरकवून तिनं कान टेकला आणि तिला रडणं ऐकू आलं.

छबी रडत होती. हंबरडा फोडून, हुंदक्यांत अडकत, नाक ओढत. ते बोट चेमटल्याला आता अर्धा तास झाला होता. अर्धा तास पोरीनं ते रडणं सांभाळून ठेवलं होतं, ओटीत चिंचा लपवून न्याव्यात तसं पलीकडे नेलं होतं आणि तिथे ओतलं होतं.

“माय वं माय! काय झालं वं माह्या बाईले? कोनं मारलं?”

“दारानं. माह्यं बोट... दारात... चेपलं वं आजी. लय दुखलं. अजून दुखून राहिलं.”

“अव्वो बाई! पाहू. फू, फू. गेलं, पाह्य, उडून गेलं. आई कुठं होती?”

“होती.”

“मंग आईले नाही सांगितलं?”

पलीकडे नुसता नाक ओढल्याचा आवाज. प्रेमिलानं कान आणखी दाबून धरला. भिंतीतून उन्हाची धग येत होती.

“काहून वं? आईले काहून नाही सांगितलं?”

“मम्मीले समजत नाही आजी,” छबी म्हणाली. समजावून सांगण्याच्या सुरात, हुंदका मध्येच गिळून. “मम्मीले आपलं बोलणं नाही येत.”

यमुताई हसल्या. “येते वं येडी! उमरेडची हाय तुही माय. आपल्याइतकंच येते तिले.”

“नाही येत. मी बोलतो ना, तं ती नुसती उभी राहते.”

प्रेमिला कोनाड्यापासून दूर झाली. कुठे जावं ते तिला कळेना. स्टोव्ह चालूच होता, तवा लाल झाला होता. तिनं स्टोव्ह बंद केला. तो बंद झाल्यावर घर एवढं शांत झालं की वाळ्याच्या पडद्यावरून ठिबकणारं पाणी ऐकू येऊ लागलं. ती पलंगावर बसली. नुसती उभी राहते. पेला हातात धरून उभी असलेली एक बाई तिला दिसली, त्या बाईच्या कमरेएवढ्या उंचीवरून. उंच, गोरटेली, ओठ घट्ट मिटलेली बाई. आपण काय म्हणतो ते तिला समजत नाही. ती इंग्रजांची आहे.

आणि तिचा पाय हलायला लागला होता.

हे असं नेहमीच व्हायचं. मन घाबरलं, कुठे आधार सापडेना झाला, की तिच्या ओठांवर आपोआप क्रियापदं यायची आणि क्रियापदं आली की पाय चालायचे, आधी उजवा, मग डावा, मग उजवा. कॉलेजात इंग्रजीच्या तासाला बाईंनी तिला उभं करून ब्रिंगचा भूतकाळ विचारला होता. तिनं ‘ब्रॉट’ऐवजी ‘बराट’ म्हटलं होतं, आणि सगळा वर्ग खदखदला होता, पण त्याहून वाईट म्हणजे शेजारची जयवंता वाकून बाकाखाली बघत म्हणाली होती, “काय वं, शिलाईमशीन चालवून राहिली का?” त्या दिवसापासून तिनं वर्गात तोंड उघडलं नाही. पण इंग्रजीचा तास चुकवलाही नाही. बाई वाचायच्या तेव्हा ती डोळे मिटून ऐकायची. अर्थ अर्धा कळायचा. अर्धा कळत नव्हता म्हणूनच कदाचित ते इतकं सुंदर वाटायचं, नदीच्या त्या तीरावर कोणी दिवे घेऊन चाललेलं दिसावं तसं. एक दिवस आपण तिकडे जाऊ, असं तिला वाटायचं. गेली नाही. इंग्रजीत काठावर पास झाली, लग्न झालं, छबी झाली. पण ते दिवे काही विझले नाहीत. मधुकररावांनी नियम घातला तेव्हा तिनं विरोध केला नव्हता, याचं खरं कारण हे होतं. नवऱ्याचा धाक नव्हे. तिलाही हवं होतं ते. लेकीला पुढे करून तिलाच पाण्यात उतरायचं होतं.

‘बराट’ तिच्या बापाचं होतं. उमरेडला कोष्ट्यांच्या आळीत त्यांचं घर, आणि घरात शिरल्या शिरल्या खड्ड्यातला माग. बाप, रुपराव, कमरेपर्यंत खड्ड्यात बसलेला, पाय खाली पावड्यांवर, हातात आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची दोरी. आई बायजाबाई कोपऱ्यात चरख्यावर सुताच्या कांड्या भरत असायची. रुपराव मराठी चौथी शिकला होता. एकदा नागपूरला व्यापाऱ्याकडे लुगडी पोचवायला गेला असताना त्यानं दुकानातल्या पोराला इंग्रजीत हिशोबाचे कागद वाचताना पाहिलं आणि परत येताना, बसमध्ये, ठरवलं की आपली पोरगी हे वाचेल. त्याला स्वतःला एबीसीडी येत नव्हती. त्यानं शाळेतल्या मास्तरांच्या हातापाया पडून, सुताच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर, बाळबोध मराठी अक्षरांत इंग्रजी क्रियापदांची तिन्ही रूपं लिहून घेतली, एकाखाली एक, आणि तो पुठ्ठा मागाच्या खांबाला बांधला. मग विणता विणता तो म्हणायचा. धोटा इकडून गेला की गो. फणी ठोकली की वेंट. पाय बदलला की गॉन. सहा वर्षांची प्रेमिला खड्ड्यात उतरून त्याच्या पावलांवर पावलं ठेवून उभी राहायची, त्याच्या गुडघ्यांना धरून. तो पावडी दाबायचा तशी ती वरखाली व्हायची. “म्हण वं बाई. कम, केम, कम. बिरिंग, बराट, बराट.” सगळ्यात तिला आवडायचं ते एकच. “आता मागाचं म्हणू,” तो म्हणायचा आणि एकदम वेग घ्यायचा, धोटा सळसळ, फणी खटखट, पाय भराभर, “कट, कट, कट! कट, कट, कट!” आणि ती वरखाली उडत खिदळायची. “हे पाह्य कसं इमानी हाय,” तो दम घेत म्हणायचा. “काल तेच, आज तेच, उद्याबी तेच. बाकीचे सारे रंग बदलते.” चरख्याजवळून बायजाबाई ओरडायची, “धागा तुटन गा! पोरीले काय इलायतेत द्यायची हाय?” धागा खरंच तुटायचा. मग तो मान वाकवून, तोंडात घालून ओल्या केलेल्या बोटांनी, तो सांधत बसायचा आणि तेवढा वेळ क्रियापदं थांबायची.

तो वारला तेव्हा छबी पोटात होती. माग दुसऱ्या कोष्ट्यानं नेला, खड्डा बुजवला. पुठ्ठा मात्र प्रेमिलानं आणला होता, तो ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली होता. गेल्या दोन महिन्यांत तो काढावा असं तिच्या एकदाही मनात आलं नव्हतं, कारण त्यावरचे उच्चार चुकीचे होते.

ती उठली. तोंडही न धुता, गालाला चुना तसाच, शेजारी गेली. यमुताई उंबऱ्यात बसून छबीला कैरीचं पन्हं पाजत होत्या. पोरीचे डोळे सुजले होते. आईला पाहताच तिनं पेला खाली ठेवला, पाठ सरळ केली आणि तिच्या चेहऱ्यावरून काही तरी निघून गेलं, मास्तर वर्गात आल्यावर निघून जातं तसं.

“ये वं प्रेमिला,” यमुताई म्हणाल्या. मग तिच्या गालाकडे बघून थांबल्या. आपल्या कोनाड्याकडे त्यांनी एकदा पाहिलं, मग पुन्हा तिच्या गालाकडे. “आयकलं वाटते.”

प्रेमिलाचा हात चुन्याच्या गालावर गेला.

“हे काय लावलं वं तुमी? पोट्टीले इंग्रज करून राहिले का? करा ना बाप्पा, करा, शिकलेले लोकं तुमी. पण इंग्रजाच्या पोट्ट्यालेबी बोट चेमटलं तं मायच लागत असन ना?”

“परवा मुलाखत आहे, यमुताई,” प्रेमिला म्हणाली. हे तिला म्हणायचं नव्हतं.

“मुलाखत.” यमुताईंनी पन्ह्याचा उरलेला घोट स्वतः पिऊन टाकला. “घेऊन जा. बोट उद्या ठणकन. रातच्याले तेल कोमट करून लावजो.”

घरी येऊन प्रेमिलानं दार लावलं, कडी घातली, जणू बाहेर कोणी ऐकत होतं. छबीसमोर खाली बसली. त्या बाईच्या कमरेच्या उंचीवर. किती दिवसांनी बसत होती ती अशी.

“छबी,” ती म्हणाली. आवाज घोगरा निघाला. “खूप दुखते का वं?”

छबीनं तिच्याकडे बघितलं. मग दाराकडे. मग परत तिच्याकडे. ओठ हलले आणि प्रेमिलाच्या लक्षात आलं की पोरगी हे ओळखते आहे. ही परीक्षा आहे. पप्पा घेतात तीच. फसायचं नाही.

“यस, मम्मी,” छबी म्हणाली. “इट इज पेनिंग.”

बरोबर होतं. म्हणजे पुरतं बरोबर नव्हतं, पण सिस्टरना चाललं असतं. एवढं लांब वाक्य छबी पहिल्यांदाच बोलली होती. यमुताईंकडून इकडे येईपर्यंत, त्या दहा पावलांत, तिनं ते जुळवलं असणार. आणि आता ती वाट पाहत होती, शाबासकीची.

“माह्यासंग बोल ना वं बाई,” प्रेमिला म्हणाली. “आपलं बोल. मले येते. मले समजते सारं.” तिचा आवाज चढला. छबी एक पाऊल मागे सरली. तिच्या डोळ्यांत जी भीती होती ती खाऊ देणाऱ्या अनोळखी माणसाची असते तशी होती. फार गोड बोलतं आहे, म्हणजे काही तरी फसवणूक आहे. प्रेमिलानं पुढे केलेला हात मागे घेतला. पोरीला जवळ ओढून, कवटाळून, रडून हे होणार नव्हतं. दोन महिने तिनं पोरीला काही तरी पढवलं होतं आणि पोरगी ते नीट शिकली होती.

ती उठून ट्रंकेपाशी गेली. शालूच्या घडीखाली पुठ्ठा होता. कडा खाल्लेल्या, मधोमध मागाच्या दोरीनं पडलेली भोकं, आणि एका कोपऱ्यात खळीचा पिवळा ठसा, बापाच्या अंगठ्याचा. नाकाशी धरला. कापसाचा वास उरला नव्हता, डांबराच्या गोळ्यांचाच येत होता. ती पलंगाच्या कडेवर बसली, पाय जमिनीवर टेकले, पुठ्ठा भिंतीला उभा केला, आणि वाचू लागली. छबीसाठी नव्हे. छबी आहे की नाही हे तिनं पाहिलं नाही. “गो,” ती म्हणाली, आणि उजवं पाऊल उचललं. “वेंट. गॉन.” बापासारखंच. ‘गॉन’ जरा लांबवून, धोटा कडेला पोचेपर्यंत. “कम, केम, कम. सिट, स्याट, स्याट. बिरिंग, बराट, बराट.” भिंतीवर तिचा काळ्या झग्यातला फोटो होता आणि फोटोखाली ती बराट म्हणत होती. काही वाटलं नाही. पाय चालू लागले. टाचा टेकलेल्या, चवडे वरखाली. खाली फरशीऐवजी खड्डा असल्यासारखे. पोटऱ्यांना तो ताण आठवत होता. एका ओळीनंतर दुसरी ओळ येत गेली, बघावीही लागेना. कुठे तरी मागे चरखा घरघरत होता आणि धागा तुटन गा म्हणत होता.

उजव्या पावलावर वजन आलं.

ती थांबली नाही. खालीही पाहिलं नाही. मग डाव्यावरही आलं. दोन अनवाणी, धुळीनं चरचरीत, गरम तळवे तिच्या चवड्यांवर येऊन टेकले, आणि गुडघ्यांना मिठी पडली, एक हात पुरता, एक चिंधीचं बोट सांभाळून. पुठ्ठ्यावरच्या अक्षरांवरून तिची नजर हलली नाही. ती हलली असती तर सगळं उडून गेलं असतं. “टेक, टुक, टेकन,” ती म्हणत राहिली, आणि उजवा पाय उचलला की पोरगी एका बाजूनं वर जाई, डावा उचलला की दुसऱ्या बाजूनं. पोरगी हलकी झाली होती. किंवा आपणच विसरलो होतो, तिचं वजन किती ते. बाहेर अंगणात सायकलच्या स्टँडचा खटका वाजला. शनिवार, अर्धा दिवस. मग कडी वाजली, एकदा, दोनदा. मग स्वयंपाकघराच्या बाजूनं वळसा घालून येणारे बूट. पेट्यांच्या फळ्यांचं दार करकरलं. मधुकरराव आत येऊन उभे राहिले, घामानं पाठ भिजलेली, डोक्याला रुमाल, हातात फाइल. परवाच्यासाठी प्रश्नोत्तरं टाइप करून आणणार होते ते. प्रेमिलानं त्यांच्याकडे पाहिलं. थांबावंसं वाटलं. पण त्याच वेळी ती ओळ आली होती.

“आता मागाचं म्हणू,” ती हळूच म्हणाली, आणि पाय सोडले. “कट, कट, कट! कट, कट, कट!” भराभर, खटखट, पलंग करकरत, पुठ्ठा भिंतीवरून घसरून पालथा पडला, पुढचं काही दिसत नव्हतं, काही लागतही नव्हतं, “कट, कट, कट!” आणि गुडघ्यांशी काही तरी फुटलं. आधी तिला वाटलं पोरगी रडते आहे. ती हसत होती. तोंड वर करून, सुजलेल्या डोळ्यांनी, खिदळत, लाळ गळेपर्यंत.

प्रेमिलाचा दम संपला. पाय थांबले. खोलीत वाळ्याचं पाणी ठिबकत होतं. छबी तिच्या पावलांवर तशीच उभी होती, धापा टाकत. बाप दारात उभा आहे हे तिनं पाहिलं नव्हतं.

“अजून,” ती म्हणाली.

मधुकरराव एक पाऊल पुढे आले.  त्यांनी नुसतं बोट वर केलं, थांब, असं प्रेमिलाला खुणावलं. येऊ दे. मोअर येऊ दे. येते आता, बघ. त्यांचा चेहरा दमलेला होता आणि त्या दमलेल्या चेहऱ्यावर एवढी आशा होती की प्रेमिलाला ती बघवेना. तिलाही ठाऊक होतं, थोडं थांबलं तर येईल. परवा दहा वाजताही मग येईल. पोरगी हुशार होती. नुसतं पाय उचलायचा नाही, एवढंच करायचं होतं. ते प्रेमिलाला आता चांगलं येत होतं.

छबी वर बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू कडेकडेनं विरायला लागलं होतं. ओठ हलले. शोधायला लागले.

“अजून, आई,” ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. “अजून वं.”

प्रेमिलानं उजवा पाय उचलला.